३६२० किलो: आमच्या ऑफ-रोड कॅरव्हॅनच्या दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

आज फिरता काटेवाला येऊन कॅरव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या आमच्या चाकांवरच्या घराचं, वजन करून गेला. चारही चाकांखाली एकेक काटा, पुढे गाडीला जोडायच्या कपलिंगखाली पाचवा. प्रवासाला निघताना असते तशीच कॅरव्हॅन भरून ठेवली होती: पाण्याच्या दोन्ही टाक्या भरलेल्या, दोन गॅस सिलिंडर, जनरेटर, अॅनेक्स (बाजूला जोडायचा तंबू), कपडे, डबे, हत्यारं.

डावं पुढचं चाक ७७५, डावं मागचं ८००, उजवं पुढचं ८८०, उजवं मागचं ९१५. टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कपलिंग बसतं त्यावर, २५०. एकूण ३६२०.

प्लेटवर एटीएम ३५०० आहे, म्हणजे कॅरव्हॅन गाडीपासून सोडून उभी केली तर सगळं सामान धरून जास्तीत जास्त इतकं वजन. जीटीएम ३२५०, म्हणजे गाडीला जोडल्यावर फक्त तिच्या स्वतःच्या चाकांवर येणारं. आमची चाकं ३३७० वाहतायत. दोन्ही मर्यादा १२० किलोंनी ओलांडलेल्या. उजवी बाजू डाव्यापेक्षा २२० किलोंनी जड, आणि टोबॉलवर एकूण वजनाच्या सात टक्केही नाही. साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असावं असं सगळे जाणकार सांगतात. हायवेवर रोड ट्रेन, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियातला अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक, शेजारून गेली की मागून कुणीतरी शेपूट धरून हलवल्यासारखं का व्हायचं, ते आज कागदावर आलं.

गाडीचं वेगळंच. एकटी भरलेली गाडी २७२०. टोबॉलचे २५० धरून २९७०, तिची मर्यादा ३२००, म्हणजे ठीक. पण गाडी आणि कॅरव्हॅन मिळून वजनाची मर्यादा, म्हणजे जीसीएम, ६०००, आणि आमची बेरीज ६३४०. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘३५०० किलो ओढते’ असं असतं. ६००० मधून ३५०० वजा केले तर गाडीला उरतात २५००, आणि आमची गाडी रिकामी असतानाच जवळपास २२५० ची आहे. चार माणसं बसली की संपलं. गाडी घ्यायच्या आधी ही वजाबाकी आम्हाला कुणी करून दाखवली नाही, आम्हीही केली नाही.

आजपासून वही सुरू. लक्ष्य: भरलेली कॅरव्हॅन ३२०० च्या आसपास. तेवढ्याने गाडीला हात न लावता बेरीज ६००० च्या आत येते.

शनिवार, ९ ऑगस्ट

आठवडाभर संध्याकाळी थोडं थोडं करून कॅरव्हॅन पूर्ण रिकामी केली. टाक्या कोरड्या, सिलिंडर बाहेर, कप्प्यात चमचासुद्धा नाही. सकाळी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. ३०२०. हा काटा वीस किलोंच्या पायरीने दाखवतो, त्यामुळे दहा इकडेतिकडे.

प्लेटवर टेअर म्हणजे रिकामं वजन २८४०. फरक १८०.

टेअर कारखान्यातून निघतानाचं असतं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, आणि नंतर विक्रेत्याने बसवलेलं काहीच नाही. आम्हाला कॅरव्हॅन मिळाली तेव्हा हे सगळं आधीच बसवलेलं होतं. एकेक सुटं करून लटकता काटा लावला: मागच्या बंपरवरचं दुसरं स्टेपनीचं चाक स्टँडसकट ५२, रिकामा टूलबॉक्स २४, दुसरी एजीएम (शिशाची) बॅटरी २९, सोलर पॅनल २४, वॉशिंग मशीन २०, टीव्हीची डिश आणि तिची पट्टी १२. बेरीज १६१.

उरलेले एकोणीस किलो कुठले ते कळलं नाही. शोधायचे.

एटीएममधून टेअर वजा केलं की ६६० किलो सामानाची मुभा दिसते. खरी मुभा ४८०. त्यातले १९० दोन टाक्यांतल्या पाण्याचे. उरले २९०, आणि त्यात चार माणसांचं तीन आठवड्यांचं घर.

रविवार, १० ऑगस्ट

अंगणात ताडपत्री टाकून सगळं सामान पसरलं आणि तोललं. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीवर वजन लिहून लावलं. हे काम रटाळ आहे, पण यासारखा डोळे उघडणारा दुसरा प्रकार नाही. अॅनेक्स आणि त्याच्या काठ्या ३१. जनरेटर आणि पेट्रोलचा कॅन ३८. टूलबॉक्समधला माल ३८, त्यात मी चार वर्षांत एकदाही न वापरलेला जॅक.

वॉशिंग मशीनपाशी गाडी अडली.

“अरे, ते राहू दे ना. पोरांचे कपडे असतात.”

“वीस किलो मशीनचे. शिवाय ते चालवायला दुसरी टाकी भरून न्यावी लागते, तिचे पंचाण्णव. आणि दुसरी बॅटरी.”

बायकोने ताडपत्रीवरून एक फेरी मारली, चिकटपट्ट्या वाचल्या आणि म्हणाली, “मग तिन्ही काढ. बादलीत धुऊ.”

वजनाची गोष्ट अशीच असते. एक जड वस्तू दुसरीला बोलावते. मशीन म्हणून पाणी, पाणी म्हणून मोठी टाकी, ती म्हणून जाड चासी, चासी म्हणून मोठे ब्रेक, आणि शेवटी मोठी गाडी.

शनिवार, १६ ऑगस्ट

एकोणीस किलोंपैकी काही सापडले. ज्या जागी सापडले ती जागा बघून काळजात धस्स झालं.

पुढच्या डाव्या कोपऱ्यात, बिछान्याखालच्या कप्प्यात, पाऊस पडून गेल्यावर ओल्या पोत्यासारखा वास यायचा. आम्ही तो बुटांचा समजत होतो. आज कप्प्याचा तळ उचकटला. खालचा प्लाय वरून दिसायला शाबूत, त्याच्यावरचा व्हिनाइलचा थर चकचकीत. पेचकस टेकवला तर मूठ लागेपर्यंत आत गेला, भाकरीत बोट जावं तसा. ओढून काढला तर लाकडाचे तंतू काळे पडलेले आणि पेचकसाच्या टोकाला पाण्याचा थेंब.

हात दीड हात लांबीचा तुकडा कापून बाहेर काढला. वजन ११.४ किलो. गॅरेजमध्ये पंख्यासमोर उभा करून ठेवलाय, वाळल्यावर पुन्हा तोलेन.

मग पाणी येतंय कुठून ते शोधत वर गेलो. पुढच्या भिंतीला बाहेरून अॅल्युमिनियमचे कंपोझिट पत्रे आहेत, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यावर एक पट्टी रिव्हेटने मारलेली. पट्टी काढली. तिच्याखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) असायला हवी होती. नव्हती. पट्टीच्या कडेने वरून सिलिकॉन फिरवलेलं, तेही धुळीवर. नखाने ओढलं तर दोन फूट लांब दोरी होऊन अख्खं हातात आलं. रिव्हेटची भोकं रिव्हेटपेक्षा मोठी, आणि प्रत्येक भोकाच्या आत लाकडी चौकटीवर गंजाचा तपकिरी ओघळ. चौकट जोडलेली स्टेपलने.

बाहेरून काळे पत्रे, मोठाली अक्षरं, जाड टायर, सगळं दणकट. आत हे. वरून कीर्तन, आतून तमाशा.

लाकडी चौकट मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. नीट बांधली तर ती लवचीक असते आणि हलकीही. अॅल्युमिनियमची चौकट कुजत नाही, पण वेल्डिंगच्या शेजारी तापलेल्या पट्ट्यात तिची ताकद बरीच घटते आणि कॉरुगेशनवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांवर, तडा तिथेच जातो. फोम भरलेले सँडविच पॅनल सगळ्यांत हलके आणि ताठ, पण खिडकीसाठी कापलेली कड नीट बंद केली नाही तर पाणी बाहेरच्या दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही. तिन्ही प्रकारांत मरण एकाच जागी आहे, सांध्यात.

रविवार, १७ ऑगस्ट

ओल मोजायचं मीटर आणून सगळ्या भिंती तपासल्या. पुढचा कोपरा सोडला तर छतावरच्या एका हॅचभोवती (झडपेभोवती) आकडा चढा. बाकी कोरडं. हायसं वाटलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज चासी. कॅरव्हॅन स्टँडवर घेतली, खालची धूळ पाण्याने धुतली, सुकू दिली आणि टॉर्च घेऊन पाठीवर झोपलो.

चासीचा मुख्य रूळ १५० बाय ५० चा चौकोनी पाइप, चार मिलिमीटर जाडीचा. मीटरला साधारण बारा किलो पडतो, त्यामुळे चासी आधीच जड. ड्रॉबारचे, म्हणजे पुढे कपलिंगपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, दोन पाइप तिरपे मागे येतात आणि पहिल्या आडव्या पाइपापाशी मुख्य रुळाखाली जोडले जातात. डाव्या जोडापाशी रंगात एक बारीक तपकिरी रेघ दिसली. आधी वाटलं चिखलाचा ओरखडा. ओल्या फडक्याने पुसली, तरी तिथेच. वायर ब्रशने रंग काढला. वेल्डिंगच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला, चाळीस मिलिमीटर लांबीची चीर. नख अडकतं.

ती इथेच का आली हे समजायला फार शिक्षण लागत नाही. पुढे टोबॉलवर टेकलेली, मागे चाकांवर टेकलेली, मधे वजन. पाइप मधे वाकतो, खालचं अंग ताणलं जातं. त्या ताणलेल्या अंगावर आडवी वेल्डिंग मारली आहे. वेल्डिंगची कड ही ताणाला जागा दाखवणारी खाचच असते. त्यातच एक पाऊण इंचावर पाण्याच्या पाइपाचा क्लॅम्प बसवायला कुणीतरी खालच्या अंगाला भोक पाडलंय. कॉरुगेशनच्या रस्त्यावर हा भाग तासाला हजारो वेळा वाकून सरळ होतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येतला गिब रिव्हर रोड साधारण ६६० किलोमीटरचा आहे आणि आम्ही तो १२० किलो जास्त भार घेऊन पार केला. माझी मुलं त्या गाडीत मागच्या सीटवर होती.

चार मिलिमीटरचा पाइप वापरूनही चीर आलीच. जाडी वाढवली की वजन हमखास वाढतं, ताकद वाढेलच असं नाही. सांधा लांबट, निमुळता आणि ताणाच्या दिशेने केला असता तर तीन मिलिमीटरमध्येही भागलं असतं, आणि मीटरला पावणेतीन किलो वाचले असते.

रेघेच्या दोन्ही टोकांना मार्कर लावला. गाडीला जोडणं बंद.

सोमवार, २५ ऑगस्ट

बनवणाऱ्यांना फोटो आणि वजनाची पावती पाठवली होती. फोनवर उत्तर: ऑफ-रोड नेल्यामुळे झालं असेल, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, दारावर ‘ऑफ-रोड’ कुणी लिहिलं? त्यावर लेखी पाठवा म्हणाले. आज लेखी पाठवलं, कन्झ्युमर लॉचा उल्लेख करून. विकलेली वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही हमी त्या कायद्यात आहेच आणि ती वॉरंटीच्या कागदावर अवलंबून नाही.

एसीसीसीने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने, २०२२ मध्ये नव्या कॅरव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला होता. त्यांनी २२७० मालकांना विचारलं, त्यातल्या ८० टक्क्यांनी आपल्या कॅरव्हॅनमध्ये काही ना काही दोष निघाल्याचं सांगितलं. पूर्वी वाचला तेव्हा आकडा फुगवलेला वाटला होता. आता वाटत नाही.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १ जुलै २०२१ पासून नवा रोड व्हेइकल स्टँडर्ड्स कायदा लागू झाला, नवी कॅरव्हॅन रॅव्ह नोंदणीत (मंजूर वाहनांच्या सरकारी यादीत) चढते. साडेचार टनांपर्यंतच्या ट्रेलरला व्हीएसबी-१ ही नियमपुस्तिका लागू. पण हे नियम दिवे, ब्रेक, कपलिंग, मापं यांचे. एटीएम किती ठेवायचं ते बनवणाराच जाहीर करतो. छत गळतं का, कपाट भिंतीला नीट धरलंय का, हे त्या नोंदणीत कुणी बघत नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

ब्रेक. हे काम मी पुढे ढकलत होतो, कारण ब्रेक लागतात हे दिसत होतं. ‘लागतात’ आणि ‘पुरेसे लागतात’ यात काय अंतर आहे ते आज मोजलं.

चार चाकांना बारा इंची इलेक्ट्रिक ब्रेक. पूर्ण दाबल्यावर प्रत्येक चुंबक साधारण तीन अँपिअर घेतो, म्हणजे बारा. मुलीला गाडीत बसवून कंट्रोलर दाबून धरायला सांगितलं. पुढच्या प्लगवर १२.४ व्होल्ट. सर्वांत मागच्या चुंबकावर १०.१.

२.३ व्होल्ट वाटेत गेले. वायर सोलून पाहिली, वर ‘४ एमएम’ छापलेलं. इथे बरेच जण फसतात. ऑटो वायरवरचा ‘४ एमएम’ हा आकडा वरच्या प्लॅस्टिकसकट व्यास असतो. आतलं तांबं फक्त १.८४ चौरस मिलिमीटर. दहा मीटर जाताना आणि दहा येताना बारा अँपिअर त्यातून ढकलले तर हिशेब बरोबर २.३ च्या आसपास येतो. चुंबकाला पाचवा हिस्सा कमी, उतारावर, साडेतीन टनांमागे.

‘८ एमएम’ ची वायर ओढली, सांधे सोल्डर करून वर आत गोंद असलेली नळी तापवून आवळली. आता मागे ११.९. वजन वाढलं तीन किलो. हे तीन किलो मी आनंदाने वाहीन.

ब्रेक-अवेची पिनही ओढून पाहिली. दोन टनांवरच्या कॅरव्हॅनला ती सक्तीची आहे: कपलिंग सुटलं तर ब्रेक आपोआप लागले पाहिजेत आणि निदान पंधरा मिनिटं धरून राहिले पाहिजेत. आमचे चार मिनिटांत ढिले पडले. छोटी बॅटरी मेलेली, चार्जिंगची वायर जोडलेलीच नव्हती. नुसती वायरच्या जुडग्यात खोचलेली, टोकाला टेप. कारखान्यातली टेप. नवी बॅटरी, वायर जोडली, वीस मिनिटं धरलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

चासीचं काम पूर्ण. वेल्डिंग मी केली नाही, प्रमाणित वेल्डरकडून, आणि आधी इंजिनिअरने आराखडा पाहून दिला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चीर ग्राइंडरने खोलवर उघडून भरली, वर हिऱ्याच्या आकाराची निमुळती पट्टी, जिच्या कुठल्याही कडेची वेल्डिंग पाइपाला काटकोनात आडवी जात नाही. उजव्या बाजूला चीर नव्हती तरी तशीच पट्टी. क्लॅम्पचं भोक भरलं, क्लॅम्प पाइपाच्या बाजूला, मध्यावर गेला. वाढलेलं वजन नऊ किलो.

झिंकच्या रंगाचे दोन हात दिले. त्या जागेवर मुद्दाम पांढरा रंग दिलाय. पुन्हा रेघ उमटली तर लगेच दिसेल.

गॅरेजमधला प्लायचा तुकडा तीन आठवड्यांत पूर्ण वाळला: ७.९ किलो. म्हणजे त्या एका तुकड्यात साडेतीन लिटर पाणी होतं. भिंतीतलं ओलं इन्सुलेशन वेगळं. सगळे एकोणीस काही जुळले नाहीत, पण मी आता त्यांच्या मागे लागत नाही.

शनिवार, १३ आणि रविवार, १४ सप्टेंबर

दोन दिवस आतलं सुतारकाम. पुढचा कोपरा नवा उभा केला, सांधे डिंक आणि स्क्रूने. बाहेर पट्टीखाली ब्यूटाइल टेप, जाड, दाबल्यावर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल इतकी, आणि कडेला पॉलियुरेथेन सीलंट. छतावरच्या हॅचलाही तेच. रात्रभर पाइप सोडून ठेवला. सकाळी मीटर कोरडं.

वरची कपाटं. गिब रिव्हरवर एक कपाट तिसऱ्या दिवशी एका बाजूने लोंबायला लागलं होतं, आम्ही बेल्टने बांधून आणलं. आज पाहिलं तर चार स्क्रूंपैकी तीन स्क्रू भिंतीच्या तीन मिलिमीटर प्लायमध्येच घुसवलेले, मागे चौकट नाही. चौकट चाळीस मिलिमीटर शेजारी होती. ज्याने ते बसवलं त्याने भिंतीवर बोट वाजवून पाहिलं असतं तरी आवाजावरून कळलं असतं. त्याला दोष देण्याआधी हेही लिहून ठेवतो: त्याला दिवसात किती कपाटं बसवायची होती ते मला ठाऊक नाही, आणि माणसाला घाईत उभं करणारा वेगळाच असतो.

आता भिंतीत आडवी पट्टी टाकून स्क्रू तिच्यात. ड्रॉवरच्या मागे अॅल्युमिनियमचा भुसा सापडला, रिव्हेटची भोकं पाडतानाचा, कुणी झाडलाच नव्हता. तो भुसा एका वायरच्या जुडग्यावर घासत होता. प्लॅस्टिक निम्मं झिजलेलं, आत तांब्याची चमक. ती वायर बारा व्होल्टची आहे, पण फ्यूज तिला पुरेल त्यापेक्षा मोठा लावलेला. बदलली. २४० व्होल्टचं आणि गॅसचं काम परवानाधारकाचंच, त्याला हात लावला नाही.

बिछान्याखालची १५ मिलिमीटरची अख्खी फळी २५ किलोंची होती. जागी लाकडी पट्ट्या, ९ किलो. बाहेरच्या खालच्या अंगावरचे डायमंडच्या नक्षीचे पत्रे काढले, १८ किलो. समोरचे ठेवले, तिथे दगड लागतात. बाजूचे निव्वळ दिसण्यासाठी होते.

सोमवार, १५ सप्टेंबर

धूळ. जमिनीत पाण्याचा वीस मिलिमीटरचा पाइप उतरवायला साठ मिलिमीटरचं भोक होतं. अशी पाच. फोमने आणि सीलंटने बुजवली. चालत्या कॅरव्हॅनच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ती जमिनीतून, फ्रिजच्या जाळीतून धूळ ओढून घेते. छतावर पुढे तोंड असलेला फिल्टरचा हॅच बसवला, तो हवा आत ढकलतो. चार किलो. भोकं न बुजवता नुसता हॅच बसवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं, म्हणून आधी भोकं.

शनिवार, २० सप्टेंबर

मागचं ओझं उतरवलं. चाक स्टँडसकट ५२, टूलबॉक्स मालासकट ६२, मिळून ११४. हे सगळं चाकांच्या मध्यापासून ३.१ मीटर मागे लटकत होतं. टोबॉल चाकांपासून ५ मीटर पुढे. तराजूचाच हिशेब: ११४ गुणिले ३.१ भागिले ५, म्हणजे टोबॉलवरचे ७१ किलो हे ओझं उचलून धरत होतं. टोबॉल हलका का, याचं उत्तर बंपरवर होतं.

याहून महत्त्वाची गोष्ट शेपूट हलण्याची. मागच्या टोकाला असलेलं वजन झोका घ्यायला लागलं की त्याचा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच ११४ किलो चाकांपासून अर्ध्या मीटरवर असते तर त्यांचा झोक्यातला वाटा अडतीस पटींनी कमी असता. पुढे जड सामान टाकून टोबॉलचा आकडा बरोबर आणता येतो, पण तेव्हा दोन्ही टोकं जड होतात आणि कॅरव्हॅन झोक्यातून लवकर बाहेर येत नाही. वजन मधे आणणं हाच उपाय. लागतील ती चौदा किलो हत्यारं बिछान्याखाली, चाकांवर ठेवली. बाकीची घरी.

मागची पाण्याची टाकी रिकामीच ठेवायची. लांबच्या कोरड्या पट्ट्यात ती भरू, पण मग कपडे आणि डबे त्या हिशेबाने कमी. जनरेटर गेला, एक सिलिंडर गेला. दोन एजीएमच्या जागी २०० अँपिअर-तासांची एक लिथियम, २२ किलो, ५८ च्या ऐवजी. ती उजवीकडून डावीकडे आणली, बाहेरून उघडणाऱ्या आणि आतून बंदिस्त केलेल्या कप्प्यात. राहत्या जागेत ती ठेवायची नाही, कॅरव्हॅनमधल्या विजेच्या नव्या ३००१.२ मानकात तसं आहे आणि ते योग्यच आहे.

एकाने सुचवलं, एवढा खटाटोप कशाला, एटीएम वाढवून नवी प्लेट घे. टायर, सस्पेंशन, कपलिंग, चासी सगळं पेलत असेल आणि इंजिनिअर सही करत असेल तर ते कायदेशीर आहे. पण आमच्या टोबॉलची मर्यादाच ३५०० आहे. आणि ज्या चासीला ३६२० वर चीर पडली तिच्यावर मोठा आकडा ठोकायची माझी तयारी नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

चाकांची अलाइनमेंट. चारही टायर आतल्या कडेला जास्त झिजलेले होते. अलाइनमेंट करणाऱ्याच्या मते ती कधी केलीच नव्हती, वरून भाराने चाकं आत कललेली. बेअरिंग काढून धुतले, एकावर निळसर डाग, बदललं. ग्रीस नवं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

तोच काटेवाला, पुन्हा. आठवडाभराच्या प्रवासाचं सामान भरून.

डावीकडे ७०५ आणि ७१५, उजवीकडे ७३५ आणि ७५०. टोबॉल ३०५. एकूण ३२१०. माझ्या वहीतला अंदाज ३२०५ होता.

डावी-उजवी फरक २२० वरून ६५. टोबॉल साडेनऊ टक्के. गाडी धरून ५९३०. चाकांवर २९०५, जीटीएमच्या ३४५ किलो खाली.

बायकोने पावती फ्रिजच्या दाराला चिकटवली, कॅरव्हॅनमधल्या फ्रिजच्या. तिच्या शेजारी तिने नवा नियम लिहिलाय: काही आत आलं तर तेवढ्याच वजनाचं बाहेर.

रविवार, १२ ऑक्टोबर

दोनशे किलोमीटरचा कच्चा रस्ता करून आलो, त्यातला चाळीस कॉरुगेशनचा. टायरची हवा उतरवली, वेग उतरवला, दर अर्ध्या तासाने थांबून शॉकअॅब्सॉर्बरला हाताची पाठ लावून पाहिली. कोमट, चटका नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरला चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळले, एक पाव वळसा फिरला. हायवेवर रोड ट्रेन दोनदा शेजारून गेली. मुलगी मागून म्हणाली, “बाबा, हलली नाही.”

कपाटं जागच्या जागी. ड्रॉवरमध्ये बोटाला लागेल एवढी धूळ एका ठिकाणी, चाकाच्या कमानीपाशी, तिथे सहावं भोक निघालं.

बनवणाऱ्यांचं लेखी उत्तर अजून नाही. राज्याच्या ग्राहक न्यायाधिकरणाचा अर्ज भरून ठेवलाय, वजनाच्या दोन्ही पावत्या आणि चिरेचे फोटो जोडून.

घरी आल्यावर अंधार पडला होता. टॉर्च घेऊन आधी खाली गेलो. पांढरा रंग पांढराच आहे. दोन्ही बाजूंचे फोटो काढून तारीख टाकली. पुढची तपासणी एक हजार किलोमीटरला.

राहिलेलं: सहावं भोक. मागच्या टाकीचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतोय.